बर्फावरच्या खेळाचे भक्त

ज्यांनी बर्फ पाहिला तो केवळ सरबताच्या पेल्यात, अशा आपल्यासारख्यांना बर्फावरची हॉकी नवलाची वाटेल. पायांत लोखंडी पात्यांचे जोडे, चेंडूऐवजी कडक रबराची तीन इंची चकती, उभय पक्षांचे सहा-सहा गडी, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. चकतीचा वेग एवढा की नवख्याला ती दिसतही नाही. गोल झाल्याचे कळते ते लोकांच्या आरोळीवरून.

ह्या खेळाचे निष्ठावंत पाहावे तर कॅनडातील माँट्रियल शहरी. तेथील फ्रेंच भाषिक कॅथलिक समाज मोठा. परंतु त्या काळी कारखाने व पेढ्या बहुतांशी इंग्रजी भाषिकांच्या हाती होत्या. अशा समाजात १९२१ साली मॉरिस रिशार जन्मला. बाप रेल्वेच्या कारखान्यात कामगार. १९४४-४५ च्या हंगामात रिशारने ५० सामन्यांत ५० गोल केले. तोवर हे कोणालाही साधले नव्हते. मग नऊ क्रमांकाचा त्याचा तांबडा सदरा घरोघरच्या पोरांच्या अंगावर दिसू लागला. आपला एक माणूस कोणापुढे मान तुकवीत नाही, हे पाहण्यातच त्या कष्टकऱ्यांचे सुख होते.

रिशार तापट होता, हेही सांगितले पाहिजे. १३ मार्च १९५५ रोजी बोस्टन येथे मारामारीच्या भरात त्याने एका पंचावर हात टाकला. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल ह्यांनी त्याला उरलेल्या हंगामापुरते खेळातून काढले. शिक्षा अन्यायाची होती असे मला वाटत नाही. लोकांना मात्र तीत इंग्रजी भाषिकांचा जुनाच हात दिसला.

१७ मार्चला, संत पॅट्रिकच्या सणादिवशी, कॅम्पबेल स्वतः सामन्यास आले. त्यांच्यावर टोमॅटो व अंडी पडली. अश्रुधुराचा गोळा फुटला. सामना तेथेच थांबवून विजय डेट्रॉइटला दिला गेला. सेंट कॅथरीन रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत दुकानांच्या काचा फुटत होत्या. दुसऱ्या दिवशी रिशारने आकाशवाणीवरून विनविले की, मी माझी शिक्षा भोगीन व पुढील वर्षी परत येईन, तुम्ही शांत राहा. आणि शहर शांत झाले.

मला काचांपेक्षा पुढची गोष्ट अधिक बोचते. रिशारचाच सोबती, माँट्रियलचाच बर्नी जेफ्रियाँ, त्या आठवड्यात ७५ गुण मिळवून रिशारच्या ७४ च्या पुढे गेला. आपल्या संघासाठी गोल केला, एवढाच त्याचा अपराध! घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. त्याने काय करावयास हवे होते? गोल समोर असता काठी मागे घ्यावयाची?

रिशार वचनाप्रमाणे परतला आणि १९५६ ते १९६० अशी ओळीने पाच वर्षे स्टॅनले चषक माँट्रियलने जिंकला. ११ मार्च १९९६ रोजी ते जुने क्रीडागृह बंद होताना वृद्ध रिशारला पुढे आणले, तेव्हा लोक सात मिनिटांहून अधिक काळ उभे राहून टाळ्या वाजवीत होते. तो हात वर करून पुरे म्हणत होता, डोळे पुशीत होता. २००० च्या मे महिन्यात तो वारला. अंत्यदर्शनास लाखाहून अधिक माणसे रांगेत उभी राहिली. ३१ मे रोजी नोत्र दाम महामंदिरात त्याची अंत्ययात्रा आली, तेव्हा रस्त्यात उभ्या असलेल्या कित्येकांच्या अंगात तोच नऊ क्रमांकाचा तांबडा सदरा होता.