चला, लोअर परळ पाहायला

श्रोतेहो, आपल्याकडची माणसे मुंबईला गेली म्हणजे पाहतात काय? राणीची बाग, म्हातारीचा बूट, गेटवे, आणि वेळ उरलाच तर चौपाटी. हल्ली मुलांच्या तोंडी मात्र एक निराळेच नाव ऐकू येते. गेल्या मे महिन्यात माझ्या वर्गातला एक विद्यार्थी मला विचारीत होता, "सर, लोअर परळला बघण्यासारखं काय आहे हो? ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तिथलेच फोटो!" प्रश्न साधा, पण उत्तर देताना मी अडखळलो. कारण या मुलाचे आजोबा ऐन उमेदीची वर्षे त्याच लोअर परळात राहिले, राबले. आणि हे त्याला कोणी धड सांगितलेलेच नव्हते. म्हणून आज त्या वस्तीची एक फेरी आपण मिळून करू. पायीच करू. अंतर फार नाही.

निघण्यापूर्वी एक गोष्ट सांगतो. नव्याने नटलेली वस्ती पाहायची तर दुकानांच्या पाट्या वाचून भागत नाही. इथे पूर्वी काय होते, ते कोणाच्या श्रमाने उभे राहिले आणि ती माणसे आता कुठे आहेत, हे तीन प्रश्न खिशात घालूनच निघावे.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली आणि १८५६ साली ती ताडदेवला सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी या पट्ट्यात गिरण्यांची रांगच लागली. लोकांनी या पट्ट्याला नाव दिले गिरणगाव. यंत्रे विलायतेहून आली, भांडवल शेटजींनी घातले. पण यंत्र चालवणारे हात आले ते घाटावरून आणि आपल्या कोकणातून. आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी आपण सारे रत्नागिरीकरच. जमीन थोडी, पिकलेले भात वर्षभर पुरायचे नाही. म्हणून घरटी एक माणूस बोटीत बसून मुंबईला जायचा. त्यालाच आपण चाकरमानी म्हणतो. त्याच्या मनीऑर्डरीवर इथली किती घरे शाकारली गेली आणि किती मुले शाळेत गेली, हे गावच्या पोस्टमनला विचारावे!

बरं, आता निघू या. दादरहून धिमी लोकल घ्या. परळ गेले की पुढचे स्टेशन करी रोड. सकाळी नऊ ते अकरा कचेऱ्यांची गर्दी असते, तेवढी वेळ चुकवा. बाहेर पडून पूर्वेला चालत गेलात की भारतमाता सिनेमाचा नाका लागतो. गिरणीतून सुटून मराठी चित्रपट पाहायला कामगार जिथे रांग लावीत, ते हे ठिकाण. तिथून जवळच लालबागचा बाजार. चिवड्याची गल्ली नाकाने शोधता येते; मिरची-मसाल्याची दुकानेही इथेच. लालबागचा राजा सर्वांना ठाऊक आहे, पण तो का बसला हे थोड्यांना ठाऊक असते. पेरू चाळीतला बाजार बंद झाला तेव्हा कोळी आणि छोटे विक्रेते यांनी हक्काच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला. म्हणजे पोटापाण्याच्या जागेचा प्रश्न या वस्तीला मुळापासूनच चिकटलेला आहे, बघा.

आता मागे फिरून करी रोडचा पूल ओलांडा आणि पश्चिमेकडे या. समोर ना. म. जोशी मार्ग. जुनी माणसे याला अजून डिलाईल रोडच म्हणतात. नारायण मल्हार जोशी हे कामगार चळवळीच्या आद्य पुढाऱ्यांपैकी एक. इथे बी. डी. डी. चाळी दिसतील. १९२० नंतरच्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळींतली खोली अवघी १६० चौरस फुटांची. त्यात एक कुटुंब राहीच. पण गिरणगावात अशाही खोल्या होत्या की ज्या एका गावाने मिळून घेतलेल्या. तिला म्हणत गावकीची खोली. दहा-वीस माणसे, प्रत्येकाची भिंतीशी एक ट्रंक आणि खुंटीवर एक सदरा. गिरणीच्या पाळ्या तीन. पहिल्या पाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. खोलीत माणसे मावत नसत, पण गाव मावत असे!

या एकट्या पुरुषांना जेवू कोण घालीत असे? खाणावळवाल्या बाया. त्यांतल्या कित्येकजणी स्वतः गिरणी कामगारांच्याच घरातल्या. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. करमणूकही होतीच. परळचे दामोदर नाट्यगृह हे कोकणी माणसाचे हक्काचे. आपल्या दशावतारावर बेतलेले गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी बोलीला मुंबईत मानाचे पान मिळवून दिले. पुढे दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले. चाळींचेही तेच, त्या टप्प्याटप्प्याने पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहात आहेत. वरळीच्या चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जुने गेले म्हणून नुसते हळहळू नये. १६० फुटांत संसार करणाऱ्या बाईला विचारून मग बोलावे.

आता लोअर परळचा पूल ओलांडला की आपण सेनापती बापट मार्गावर येतो, आणि इथेच ते मोबाइलमधले लोअर परळ सुरू होते. काचेच्या इमारती, कॉफीची दुकाने, परदेशी कपड्यांच्या पेढ्या. घरे विकणारे तर या भागाला 'अप्पर वरळी' म्हणू लागले आहेत. परळ हे नावच नको! पण फिनिक्सच्या आवारात मान वर करून पाहा. दुकानांच्या गर्दीत गिरणीची चिमणी उभी आहे. १९०५ साली स्थापन झालेली ही फिनिक्स मिल. रघुवंशी, मथुरादास, कमला, तोडी, ही आज हॉटेलांच्या नि दुकानांच्या पत्त्यांत येणारी नावे सगळी गिरण्यांचीच.

हे घडले कसे? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. तो विरून गेला. कामगार गावी परतले, एकेक गिरणी बंद होत गेली, आणि गिरणीपेक्षा तिच्या खालची जमीन मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियमावलीत अशा जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न करता फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची, असे ठरले. जिथे गिरणीची बांधकामे उभी होती ती जमीन वाटणीतून सुटली, आणि लोकांचे दोन वाटे आक्रसले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. एका शब्दाने नकाशा कसा पालटतो, हे शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला जरूर सांगावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. गिरणी कामगार चाळीतून चालत कामावर जायचा. रस्ते, पूल, जिने त्या बेताचे. आता दूरदूरच्या उपनगरांतून हजारो माणसे रोज इथे येतात, नि वाटा त्याच. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. त्याच डिसेंबरात कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ जणांचा. तेव्हा गर्दीत घाई करू नये, आणि कुठेही वर बसायला गेलात तर आधी बाहेर पडायची दुसरी वाट पाहून ठेवावी.

माझे काका याच भागातल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. २०१२ साली मी त्यांना तिथल्या मॉलमध्ये घेऊन गेलो. दारावरचा पहारेकरी पुढे आला आणि त्याने काही म्हणायच्या आधीच काकांनी दोन्ही हात वर केले. गिरणीतून सुटताना झडती द्यायची तीस वर्षांपूर्वीची सवय! आत जाऊन ते बराच वेळ गप्प उभे होते. मग एका चपलांच्या दुकानापुढे चार पावले मोजून म्हणाले, "हयसर माझो साचो होतो." दुकानातल्या मुलीला ते काही कळले नाही. मला कळले, पण पुढे काय बोलावे ते सुचले नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये गिरणी कामगारांच्या ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. अर्ज मात्र लाखाच्या वर. पुढेही सोडती झाल्या, तरी वाट पाहणारे पुष्कळ उरले. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर जे गिरणीच्या पटावर होते, त्यांच्यासाठी ही योजना. म्हणून सांगतो, माळ्यावरच्या ट्रंकेतली गिरणीची ओळखपत्रे, फंडाच्या चिठ्ठ्या, विमा कार्डे कोणी रद्दीत घालू नका. ते कागद हाच त्या माणसाचा साक्षीदार.

शिक्षक बंधु-भगिनींनो, सहल न्या, अवश्य न्या. मॉलमध्ये शिरायला पैसे पडत नाहीत. मुलांनी सरकत्या जिन्यावरून खुशाल वर-खाली करावे. मात्र जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या वाडीतल्या एका तरी जुन्या गिरणी कामगाराला भेटून विचारावे: तुमची गिरणी कोणती, खोली कुठे, जेवत होता कोणाकडे? ती उत्तरे वहीत लिहून न्यावी नि तिथे उभे राहून वाचावी. मग तो विद्यार्थी तिथे नुसता पाहुणा राहणार नाही. आणि विचारायचे ते लवकर विचारा. सांगणारे आता थोडेच उरले आहेत.