गाणे मातीचे, भांडण मतांचे

नवी ओळख झाली की आपल्याकडे नावानंतरचा प्रश्न ठरलेला: 'गाव कोणते?' अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वाढलेले 'कंट्री' संगीत म्हणजे याच प्रश्नाला दिलेले सुरेल उत्तर आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. गिटार, फिडल आणि बँजोच्या साथीने गायक सांगू लागतो ते आपले गाव, आपला डोंगर, बापाचे काम, आईचे चर्च. प्रेम, दारू आणि तुरुंग हे सारे त्यानंतर! राजकारणाचा यात मागमूसही नाही, असे वरवर वाटते. पण जरा कान देऊन ऐकले, की ते ओळीओळीत सापडते.

'सिक्स्टीन टन्स' हेच गाणे घ्या. केंटकीच्या कोळसाखाणींच्या मुलखात वाढलेल्या मर्ल ट्रॅव्हिसने ते १९४६ मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि १९५५ मध्ये टेनेसी एर्नी फोर्डच्या भरदार आवाजाने ते घरोघरी पोचवले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक खाणमालक मजुरांना रोख पैशांऐवजी कंपनीचे टोकन देत. ते चालायचे फक्त कंपनीच्याच दुकानात. तिथला भाव कंपनीचा आणि उधारीची वहीही कंपनीचीच! दिवसभर कोळसा उपसावा आणि महिनाअखेरीस कर्ज वाढलेलेच असावे. गाण्यात ना पक्ष आहे, ना पुढारी. तरीही याहून रोखठोक राजकीय गाणे मी क्वचितच ऐकले असेल.

मर्ल हॅगार्डची कथा मात्र अधिक गुंतागुंतीची. १९३० च्या दशकात दुष्काळ, धुळीची वादळे आणि मंदी यांनी गांजलेली हजारो कुटुंबे ओक्लाहोमा व आसपासची राज्ये सोडून कॅलिफोर्नियात आली. तिथे त्यांना हिणवायला एक शब्द रूढ झाला, 'ओकी'. हॅगार्डचे आईवडील त्यांतलेच. रेल्वेचा जुना डबा हेच त्यांचे घर. मर्ल नऊ वर्षांचा असताना वडील गेले, पोरगा वाहवत गेला आणि विशीत सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात जाऊन पोचला.

याच माणसाने १९६९ मध्ये, व्हिएतनाम युद्धावरून देश दुभंगलेला असताना, 'ओकी फ्रॉम मस्कोगी' हे गाणे गायले. आमच्या छोट्या गावात कुणी गांजा ओढत नाही, सैन्यभरतीची कार्डे जाळत नाही, आम्ही झेंड्याचा मान राखतो, असा त्याचा एकूण सूर. शिवी म्हणून मिळालेला शब्द त्याने फेट्यासारखा डोक्यावर मिरवला! युद्धाचे समर्थक या गाण्यावर बेहद्द खूश झाले. पुढे हॅगार्ड कधी म्हणे, ते गमतीत लिहिले होते. कधी त्याचे ठाम समर्थनही करी.

खरी गोम पुढेच आहे. यानंतर त्याला 'अर्मा जॅक्सन' हे गाणे आणायचे होते. विषय होता गोरा तरुण आणि कृष्णवर्णीय तरुणी यांचे प्रेम. रेकॉर्ड कंपनीने नाक मुरडले. त्याऐवजी १९७० मध्ये आले ते देशाला नावे ठेवणाऱ्यांना दम भरणारे 'द फायटिन साइड ऑफ मी'. 'अर्मा जॅक्सन' रसिकांपुढे यायला १९७२ साल उजाडले. दोन्ही गाणी एकाच मनातून आलेली. बाजाराने आधी उचलले ते एकच. बँजोचे तरी वेगळे काय झाले? आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांनी हे वाद्य अमेरिकेत रुजवले. पण १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या रेकॉर्डच्या याद्याच वेगळ्या केल्या, आणि कंट्री ही गोऱ्यांची मिरास ठरली.

लोरेटा लिनला तरी कोणत्या कप्प्यात बसवणार? खाणकामगार बापाचा अभिमान तिने १९७० मध्ये 'कोल मायनर्स डॉटर'मध्ये गायला. १९७५ मध्ये 'द पिल'मधून संततिनियमनाच्या गोळीचे खुशाल स्वागत केले, तेव्हा अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. हीच लोरेटा २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या बाजूने उभी राहिली!

२०२३ मध्ये व्हर्जिनियाच्या ऑलिव्हर अँथनीने रिचमंडच्या उत्तरेला राहणाऱ्या श्रीमंतांवर, म्हणजे वॉशिंग्टनच्या सत्ताधाऱ्यांवर, गाण्यातून तोफ डागली. गाणे बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेले. रिपब्लिकन उमेदवारांच्या वादसभेत पहिलाच प्रश्न त्यावरून विचारला गेला. त्यावर अँथनी म्हणाला, हे गाणे त्या मंचावरच्या मंडळींवरच तर लिहिले आहे!

निवडणूक येते आणि जाते. पुढारी गाणे उचलतात, गाणाऱ्याचे गाव मात्र जिथल्या तिथे राहते. म्हणूनच असे गाणे कधी कानी पडले, तर ते कोणत्या पक्षाचे, हा हिशेब तूर्त बाजूला ठेवावा. गाणारा कुठला, त्याचा बाप काय काम करीत होता, ते आधी ऐकून घ्यावे. त्याला सांगायचे असते ते बहुधा तेवढेच.