भागधारकांचा ठराव मांडण्याचा हक्क

कंपनीचा कारभार संचालक मंडळ पाहत असले, तरी भांडवल भागधारकांचे असते. म्हणूनच सर्वसाधारण सभेपुढे स्वतःचा ठराव मांडण्याचा हक्क कायद्याने त्यांना दिला आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यानुसार एकूण मताधिकारापैकी एक-विसांश मताधिकार असलेले सभासद, अथवा एकत्रित एक लाख रुपये भरणा झालेले भाग असणारे किमान शंभर सभासद अशी लेखी मागणी करू शकत. २०१३ च्या कायद्यात शंभर सभासदांचा पर्याय राहिला नाही. मताधिकार असलेल्या भरणा भांडवलाचा एक-दशांश हिस्सा आवश्यक ठरला. मोठ्या कंपनीत हजारो सामान्य भागधारक एकत्र आले, तरी ही मर्यादा गाठणे दुरापास्तच. तो पर्याय पुन्हा उपलब्ध झाल्यास लहान भागधारकाचा हक्क केवळ कागदावर राहणार नाही.