दोन तास एकोणपन्नास मिनिटं

आमच्या सौंदड गावावरून जाणाऱ्या महामार्गाला आम्ही अजून ‘सहा नंबर’च म्हणतो, कागदोपत्री तो 53 होऊनही काळ लोटला. नागपूर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. सायकलनं जातो म्हटलं तर घरचे वेड्यात काढतील. जून 2017मध्ये, आमच्याकडे धानाचे पऱ्हे टाकायची लगबग असताना, नागपूरचे डॉ. अमित समर्थ अमेरिकेत रोज जवळजवळ सौंदड–नागपूर दोनदा जाऊन येण्याएवढं अंतर सायकलनं कापत होते.

ती ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यावरच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत तेव्हा सुमारे 4,800 किलोमीटर. टूर द फ्रान्ससारखा रोजचा मुक्काम इथं नसतो. घड्याळ एकदा सुरू झालं की तुम्ही झोपलात तरी ते चालूच राहतं, आणि एकट्यानं उतरणाऱ्यांना मुदत बारा दिवसांची. रात्री मदतनीसांची गाडी मागोमाग हवीच, तिच्याच उजेडात पायडल मारायचं. हँडलवर वाकून वाकून मानेचे स्नायू इतके थकतात की कधी कधी डोकं वर धरता येत नाही. 1983मध्ये मायकेल शर्मर या स्पर्धकाचं तसं झालं. त्या दुखण्याला आजही त्याचंच नाव आहे.

नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी 2015मध्ये दोघांच्या संघात ही शर्यत पुरी केली होती. एकट्यानं मात्र कुणी भारतीय मुदतीत पोहोचला नव्हता. 2017मध्ये आधी सैन्यदलातले डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ पोहोचले, दुसऱ्या प्रयत्नात. पाठोपाठ समर्थ, पहिल्याच प्रयत्नात: 11 दिवस, 21 तास, 11 मिनिटं. क्रमांक आठवा. मला त्या क्रमांकापेक्षा शिल्लक मोठी वाटते. मुदतीला दोन तास एकोणपन्नास मिनिटं उरली होती. वाटेत एकदा डोळा जास्त लागला असता, तर सगळं मुसळ केरात.

पुढच्याच वर्षी ते सायबेरियात. मॉस्को ते व्लादिवोस्तोक, 9,000 किलोमीटरहून अधिक, 15 टप्पे. त्यातला एक तर 1,300 किलोमीटरच्याही पुढचा. जुलैअखेर निघालेली शर्यत ऑगस्टच्या मध्यावर संपली. बांधीतली रोवणी आटोपायला आम्हालाही साधारण तेवढेच दिवस लागतात, पण आम्ही रात्री घरी येऊन झोपतो.

2021मध्ये त्यांनी सुवर्ण चतुष्कोन महामार्गाचे सुमारे 6,000 किलोमीटर चौदा दिवसांच्या आत पार केले. त्या मार्गात सौंदड येत नाही.