येळवसेची आदली रात्र

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील लोहा, कंधार, मुखेड या तालुक्यांत आणि त्यांना लागून असलेल्या लातूर जिल्ह्यात मार्गशीर्ष अमावास्येला शेतात जाऊन काळ्या आईची पूजा करण्याची आणि तेथेच सहकुटुंब जेवण्याची प्रथा आहे. कॅलेंडरात या दिवसापुढे वेळ अमावास्या असे छापलेले असले, तरी लोह्याच्या बाजारात, बसस्थानकावर आणि घरोघरी तिला येळवस असेच म्हणतात. या सणावर लिहिताना बहुतेकांचे लक्ष शेतातली पूजा, कडब्याच्या पेंढ्यांची कोप, तिच्यात मांडलेले पांडव म्हणजे पाच दगड, आणि झाडाखालची पंगत यांवर असते. प्रस्तुत लेखाचा विषय त्याआधीचे, म्हणजे चतुर्दशीच्या दुपारपासून अमावास्येच्या सकाळपर्यंत स्वयंपाकघरात चालणारे काम हा आहे. हे काम ज्या तरुण विवाहित स्त्रीच्या हातून होते, तिच्या वर्षभरातल्या रोजच्या सुखांपैकी अनेक त्या एका रात्रीत एकत्र आलेली दिसतात, आणि ती नेमकी कोणती हे कामाचा क्रम जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

लोह्यात चतुर्दशीचा दिवस दुहेरी धावपळीचा असतो. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या ज्या रस्त्यावर लोहा वसले आहे, त्याच रस्त्यावर पुढे माळेगाव लागते, आणि तेथील खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, म्हणजे येळवसेच्या आदल्याच दिवशी सुरू होते. घोडे, गाढवे, उंट आणि याच भागात निपजलेली लाल कंधारी जनावरे यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या यात्रेमुळे पाहुणे घरी उतरतात, मुलांना यात्रेची ओढ लागते, रस्ता गजबजतो आणि घरातल्या सुनेला मात्र त्याच दिवशी दुसऱ्या दिवसाची शिदोरी सिद्ध करायची असते. तिथी चांद्रमासाची आणि पीक सूर्याच्या कलाने वाढणारे, त्यामुळे येळवस कधी लवकर तर कधी उशिरा येते. 2023 साली अधिक श्रावण आल्यामुळे त्या मार्गशीर्षाची अमावास्या 11 जानेवारी 2024 पर्यंत लांबली, पुढची 30 डिसेंबरला त्याच इंग्रजी वर्षात आली, आणि 2025 मध्ये ती 19 डिसेंबरलाच येऊन ठेपली. या तीन आठवड्यांच्या फरकाचा पहिला परिणाम स्वयंपाकघरात जाणवतो, कारण येळवस उशिरा आली तर हरभऱ्याचे घाटे भरलेले मिळतात, आणि लवकर आली व त्यात परतीच्या पावसाने पेरणी लांबलेली असली तर घाटे पोकळ निघून तुरीच्या हिरव्या शेंगांवरच सारा भर द्यावा लागतो.

ज्या स्त्रीकडे हे काम असते ती आज केवळ घर सांभाळणारी राहिलेली नाही. लोह्यात आणि भोवतालच्या गावांत तरुण सुना अंगणवाडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, दवाखान्यात, कापडाच्या दुकानात काम करतात. 17 मार्च 2023 ला राज्य परिवहनच्या बसमध्ये स्त्रियांना अर्धे तिकीट झाल्यापासून रोज नांदेडला जाऊन-येऊन नोकरी करणेही अनेकींना परवडू लागले आहे. अंगणवाडी सेविकेचेच उदाहरण घ्यायचे तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बसवून बडबडगीते घेणे, त्यांना गरम आहार देणे, वजन-उंची मोजून मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये नोंदवणे आणि गरोदर स्त्रियांच्या घरी फेरी मारणे एवढे उरकून ती दुपारी घरी येते, आणि चतुर्दशीला तिच्या येण्याआधीच अंगणात शेंगांचा ढीग पडलेला असतो.

येथूनच रात्रीच्या कामाला प्रारंभ होतो. येळवसेचा मुख्य पदार्थ भज्जी हा आहे. परप्रांतीयाच्याच काय, पुण्या-मुंबईच्या वाचकाच्याही डोळ्यांपुढे या नावाने तळलेली भजी येण्याचा संभव आहे, म्हणून सांगितले पाहिजे की भज्जी ही अनेक कोवळ्या दाण्यांची, पालेभाज्यांची आणि फळभाज्यांची डाळीचे पीठ लावून शिजवलेली दाट, आंबट-तिखट भाजी होय. तिच्यात तुरीचे हिरवे दाणे, सोलाणे म्हणजे हरभऱ्याचे ओले दाणे, वाल, वाटाणा, भुईमुगाचे दाणे, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, वांगी, गाजर आणि शेतात व बाजारात त्या दिवशी जे म्हणून माळवे, म्हणजे भाजीपाला, मिळेल ते पडते. स्वतःच्या शेतातले काहीतरी त्यात असावेच असा आग्रह असतो. ज्यांना शेत नाही ते बाजारातून आणतात किंवा शेजारी त्यांच्या दारात ओंजळभर शेंगा ठेवून जातो.

शेंगा सोलणे हे काम कोणी एकटीने करत नाही. अंगणात पोते अंथरले जाते, दोघी जावा, सासूबाई, यात्रेच्या निमित्ताने माहेरी आलेली नणंद, शेजारच्या काकू आणि शाळेतून आलेली पोरे भोवताली बसतात. तुरीची शेंग शिवणीवर अंगठ्याच्या नखाने दाबली की उकलते, पण दोनतीन तासांत नखाखाली हिरवा-काळा चीक बसतो आणि बोट दुखू लागते. हरभऱ्याच्या ढाळ्यांवर, म्हणजे मुळासकट उपटलेल्या रोपांवर, आंबट-खारट आंब असते, आणि कापलेल्या बोटाला ती चांगलीच झोंबते. तरीही ही बैठक उठू नये असे तिच्यातल्या प्रत्येकीला वाटते. रोजचा स्वयंपाक सकाळी सहाला एकटीने, घड्याळाकडे पाहत, डबा आणि बस यांच्या मध्ये दाबून करावा लागतो. येथे मात्र हात गुंतलेले आणि तोंड मोकळे असते, धाकटी जाऊ मोठीला नोकरीतल्या नव्या बाईंविषयी सांगते, नणंद आपल्या सासरची भज्जी कशी पातळ असते याची तक्रार करते, आणि सासूबाई निजामाच्या अमलात कोणाच्या शेतात किती गाडी माणसे येळवसेला येत, हे आपल्या आजेसासूकडून ऐकलेले पुन्हा सांगतात. स्त्रियांना कामातून सुटका हवी असते हे खरे आहे; परंतु त्याहूनही त्यांना कामातला एकटेपणा नको असतो, असे या बैठकीकडे पाहताना ठामपणे म्हणावेसे वाटते.

दिवेलागणीनंतर चूल पेटते. घरात गॅस असला तरी पन्नाससाठ माणसांच्या भज्जीचे भगुणे, म्हणजे मोठे रुंद पातेले, शेगडीवर बसत नाही, म्हणून परसात तीन दगडांची चूल मांडली जाते. सरपणाचीही समज लागते: तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काटक्या, भडभड जळतात आणि पाण्याला लवकर आधण आणतात, पण भज्जी पुढे मंद आचेवर रटरटावी लागते आणि त्यासाठी निखारा धरणारे बाभळीचे लाकूड लागते. आधी दाणे शिजवायचे, मग वांगी-गाजर आणि शेवटी पालेभाज्या, कारण सगळे एकदम टाकले तर मेथी विरघळून जाते आणि वाल कच्चा राहतो. चिंचेचा कोळ दाणे पुरते मऊ झाल्याशिवाय घालायचा नाही, हा नियम सासूबाई कारण न देता सांगतात. त्यामागे कारण असे की आंबटपणामुळे दाण्यांचे आवरण घट्ट राहते आणि नंतर कितीही उकळले तरी दाणा टचटचीत लागतो.

खरी परीक्षा डाळीच्या पिठाची असते. ते कोरडे पडले तर गुठळ्या होतात, म्हणून ताकात किंवा गार पाण्यात सारखे कालवून, एका हाताने बारीक धार धरत आणि दुसऱ्या हाताने लांब दांड्याचा लाकडी डाव फिरवत ते सोडावे लागते. पीठ पडताच भगुण्याचा आवाज बदलतो. पाण्याची खळखळ थांबते, जड बुडबुडे येऊन फुटू लागतात आणि उडालेला थेंब मनगटावर पडला तर फोड येतो. या क्षणापासून डाव थांबवता येत नाही, कारण पीठ बुडाला बसले की करपट वास सबंध भज्जीला लागतो आणि पन्नास माणसांचे जेवण वाया जाते. दोघी आळीपाळीने ढवळतात, पिठाचा कच्चा वास जाईपर्यंत ढवळतात, आणि मग आले, लसूण, हिरवी मिरची व जिरे यांचे वाटण तेलात परतून वर ओतले जाते. पूर्वी हे वाटण पाट्यावर होई, आता मिक्सरमध्ये होते, आणि त्यात हळहळण्यासारखे काही नाही. पाट्यावर मिरची वाटून रात्रभर हातांची आग सोसलेल्या पिढीने मिक्सरचे स्वागत मनापासून केले आहे.

मीठ घालण्याचा प्रसंग मात्र वेगळा आहे. नैवेद्य दाखवण्याआधी अन्न चाखायचे नाही, ही रीत घरोघरी पाळली जाते, त्यामुळे एवढ्या मोठ्या भगुण्यात मीठ-तिखट किती पडले हे सांगणारी जीभ त्या रात्री कामाची नसते. भज्जीचा रंग, वाफेचा वास आणि मुठीचा अंदाज यांवरच सारे चालते. लग्नानंतरच्या पहिल्या येळवसेला सून शेंगा सोलते, भाज्या निवडते, फार तर डाव फिरवते, आणि मीठ सासूबाई घालतात. विशेषतः येळवस नसलेल्या भागातून आलेल्या सुनेला तर भज्जी कशी दिसावी हेच ठाऊक नसते. तिला काही वर्षे पाहावे लागते, आणि मग एका चतुर्दशीला सासूबाई डबा पुढे सरकवून म्हणतात, “घाल गं, तुला येतंय आता,” आणि ती, “आत्याबाई, खारट झालं तर?” असे विचारत का होईना, मूठ भरते. याचा कोणी समारंभ करत नाही, फोटो काढत नाही, आणि घरातल्या पुरुषांना तर याचा पत्ताही नसतो. तरी त्या घरात त्या स्त्रीचे स्थान कोणत्या दिवशी पक्के झाले असे विचारले, तर उत्तर लग्नाच्या तिथीत सापडण्यापेक्षा या मिठाच्या मुठीत सापडण्याचा संभव अधिक आहे. रात्री निजताना, उद्या शेतात पहिला घास घेणाऱ्यांचे चेहरे कसे होतील याची तिला जी धाकधूक लागते, तीही आनंदाचाच भाग मानली पाहिजे, कारण आपल्या अंदाजावर घर विसंबले आहे ही जाणीव तिच्यात मिसळलेली असते.

भज्जीच्या तुलनेत बाकीचे पदार्थ सोपे आहेत. आंबिलीसाठी ज्वारीचे पीठ ताकात भिजवून ठेवलेले असते. थंडीत ते लवकर आंबत नाही, म्हणून भांडे चुलीच्या उबेला ठेवतात, आणि पहाटे ते शिजवून, निववून, ताक, लसूण आणि जिरे घालून सारखे करतात. ज्वारीच्या आणि बाजरीच्या पिठाचे उंडे, म्हणजे मुठीने वळलेले गोळे, वाफवून घेतात. या पिठांना गव्हासारखा ताण नसतो, त्यामुळे ती उकळत्या पाण्यातच मळावी लागतात, नाहीतर उंडा वाफेत फुटतो. याखेरीज धपाटे, गव्हाची खीर, तीळ-शेंगदाण्याच्या पोळ्या असतात.

या कामात पुरुषांचा वाटा किती, याविषयीही लिहिले पाहिजे. सरपण फोडणे, ढाळे उपटून आणणे, कोप बांधणे आणि भगुणे उचलणे ही कामे पुरुष करतात. सोलायला बसणारे नवरे तरुण जोडप्यांत आता दिसू लागले आहेत, विशेषतः जेथे दोघेही नोकरी करतात तेथे. परंतु रात्री उशिरा भांडी घासणारे हात अजूनही स्त्रियांचेच असतात, आणि अमावास्येच्या सकाळी सर्वांत आधी उठणारीही तीच असते. लातूर जिल्ह्यात येळवसेला स्थानिक सुटी जाहीर केली जाते. पण सुटी अमावास्येची असते, आणि काम चतुर्दशीला पडते. सणाच्या कौतुकात हे झाकले जाणे योग्य नाही. नवरा शेजारी बसून शेंगा सोलतो त्या घरातली बैठक अधिक हसरी असते, हे पाहणाऱ्याला लगेच कळते.

सकाळी दुरड्या भरल्या जातात, आंबिलीचे बिंदगे, म्हणजे मातीचा घडा, कापड गुंडाळून डोक्यावर घेतले जाते आणि सारे घर शेताकडे निघते. गावात दिवसभर शुकशुकाट असतो. शेतात कोपीपुढे नैवेद्य झाला की भोवतालच्या पिकात आंबिल शिंपडतात, आणि मग जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून बसवले जाते. ज्याला शेत नाही तोही त्या दिवशी कोणाच्या ना कोणाच्या शेतात जेवतो, त्यात जात-धर्म आड येत नाही, आणि अंगणवाडीतल्या मुलांच्या आया, दुकानातल्या मैत्रिणी, नवऱ्याच्या कामावरचे लोक असे सुनेचे स्वतःचे पाहुणेही आता असतात. पहिल्या वाढणीला कोणी काही बोलत नाही. दुसऱ्या वेळी भज्जीचेच पातेले मागितले गेले, की मिठाचा अंदाज बरोबर निघाला हे तिला समजते, आणि सासूबाईही तिकडे पाहून घेतात.

भज्जी दुसऱ्या दिवशी मुरून अधिक चवदार लागते, त्यामुळे उरलेली भज्जी टाकली जात नाही. प्रतिपदेला लोह्यातल्या अंगणवाड्यांत, शाळांत आणि दुकानांत आलेल्या बहुतेक डब्यांत तीच असते. जेवणाच्या वेळी डबे मध्ये ठेवले जातात, एकीच्या भज्जीत चुका जास्त पडलेला, दुसरीची थोडी पातळ झालेली, तिसरीने शेंगदाणे भाजून घातलेले असे बारकावे निघतात, कोणत्या बाजारात वाटाणा स्वस्त होता आणि कोणाच्या घरी कोणी किती सोलले याचा हिशेब होतो, आणि पुढच्या वर्षी अमावास्या कधी येते हे एखादी मोबाइलवर पाहून सांगते, म्हणजे तोवर घाटे भरतील की नाही याचा अंदाज लगेच बांधता येतो.