पुस्तकाचं खरं वय

झाडाचं वय कसं ओळखतात ते तुम्हाला ठाऊक आहे. खोडाचा आडवा छेद घ्यायचा आणि आतली वर्तुळं मोजायची. पण पुस्तकाचं वय कसं ओळखाल? "सोप्पं आहे, आतल्या पानावर साल छापलेलं असतं!" असं म्हणाल. बरोबर. पण पुस्तक छापखान्याच्या आधीचं, हाताने लिहिलेलं असेल तर? आणि ज्याच्या नावावर ते आहे, तो माणूस मुळात झालाच नसेल तर?

अशाच एका पुस्तकाची ही हकिकत.

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात पंधराव्या शतकात कोसिमो मेदिची नावाचा बडा सावकार राहत होता. शहराचा कारभार त्याच्याच इशाऱ्यावर चाले. त्याला जुन्या ग्रंथांचा भारी नाद. १४६० च्या सुमारास लिओनार्दो नावाच्या एका ख्रिस्ती साधूने मॅसिडोनियातून एक ग्रीक हस्तलिखित त्याला आणून दिलं. (हा लिओनार्दो मोनालिसावाला नव्हे बरं का!) लेखकाचं नाव होतं हर्मिस ट्रिसमेगिस्टस, म्हणजे 'तीनदा थोर हर्मिस'. हर्मिस हा ग्रीकांचा देव. इजिप्तमध्ये थोथ नावाचा लेखनविद्येचा देव होता, लांब वाकड्या चोचीच्या पक्ष्याचं डोकं असलेला. या दोघांना एकच मानून हे नाव तयार झालं होतं. पण त्या काळच्या लोकांना वाटे, हा खराखुरा इजिप्शियन ऋषी होता, आणि तोही थेट मोझेसच्या काळातला!

कोसिमोच्या पदरी मार्सिलिओ फिचिनो हा तरुण पंडित होता. तो प्लेटोच्या ग्रंथांचं लॅटिनमध्ये भाषांतर करायच्या तयारीत होता. कोसिमो म्हणाला, प्लेटो राहू दे, आधी हे कर. म्हाताऱ्याने सत्तरी ओलांडली होती. मरण्याआधी त्याला हे वाचायचं होतं. फिचिनोने १४६३ मध्ये चौदा प्रकरणांचं भाषांतर पुरं केलं आणि १४६४ मध्ये कोसिमो वारला. वाचायला मिळालं म्हणायचं!

पुस्तकात काय आहे? बहुतेक प्रकरणं म्हणजे गप्पाच आहेत. हर्मिस आपल्या तात नावाच्या मुलाला किंवा अस्क्लेपियस या शिष्याला समजावून सांगतो, की जग कसं झालं, माणसात देवाचा अंश कोणता, मेल्यावर काय होतं. यम आणि नचिकेताची गोष्ट ज्यांना माहीत आहे, त्यांना हा थाट ओळखीचा वाटेल. १४७१ मध्ये पुस्तक छापलं गेलं आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. सिएना शहरातल्या मोठ्या चर्चच्या फरशीवरसुद्धा हर्मिसचं चित्र कोरलं गेलं.

दीडशे वर्षं हे असंच चाललं. मग आला आयझॅक कॅसोबन. लहानपणी याच्या कुटुंबाला धर्मावरून होणाऱ्या छळामुळे फ्रान्सच्या डोंगरात लपावं लागलं होतं. तिथल्या गुहेत वडिलांनी त्याला ग्रीक शिकवली. (अभ्यासाला स्वतंत्र खोली नाही म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) पुढे तो युरोपातला नावाजलेला ग्रीक पंडित झाला. त्याने हे पुस्तक हातात पेन घेऊन वाचलं.

समजा, कुणी तुम्हाला शिवाजी महाराजांच्या काळातलं म्हणून एक पत्र दाखवलं, आणि त्यात 'स्टेशनवर रिक्षा मिळाली नाही' असं वाक्य निघालं तर? कागद कितीही पिवळा असो, तुम्ही लगेच हसाल. कॅसोबनला अशाच 'रिक्षा' सापडल्या. पुस्तकात फिडियस या मूर्तिकाराचं नाव होतं, आणि तो तर मोझेसच्या कितीतरी शतकांनंतरचा! काही शब्द फार उशिराच्या ग्रीक लेखकांनीच वापरलेले होते. काही कोट्या तर फक्त ग्रीक भाषेतच जमतात. मग हे इजिप्शियन भाषेतून आलेलं कसं असेल? १६१४ मध्ये त्याने हे सगळं छापलं आणि त्याच वर्षी तो वारला. समासात त्याच्या टिपा असलेली प्रत आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आज अभ्यासक मानतात, की हे लेखन इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतलं, इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक शिकलेल्या लोकांचं. सिकंदराच्या स्वारीनंतर तिथे कारभाराची भाषा ग्रीक झाली होती ना!

आता खरी गंमत. फिचिनोच्या प्रतीत नसलेली तीन प्रकरणं पुढे मिळाली. त्यातल्या एकात राजाला बजावलं आहे, की हे ग्रीकमध्ये नेऊ नका, आमच्या इजिप्शियन शब्दांच्या नुसत्या आवाजातच शक्ती आहे, भाषांतरात ती जाईल. आणि हे सांगितलंय कोणत्या भाषेत? ग्रीकमध्ये!

कॅसोबनला सगळं पुस्तक म्हणजे ख्रिस्ती लोकांची बनवाबनवी वाटली होती. तिथे मात्र त्याने अंमळ जास्तच ताणलं. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादी गावाजवळ खताची माती खणताना शेतकऱ्यांना एक रांजण सापडला. आत चामड्याच्या बांधणीची पुस्तकं! ती होती कॉप्टिकमध्ये, म्हणजे इजिप्शियन भाषेच्या शेवटच्या रूपात. एका पुस्तकात हर्मिसचे संवादही निघाले. तेही ग्रीकवरून भाषांतर केलेले. म्हणजे ग्रीकमधली ती विद्या इजिप्तच्या लोकांनी आपल्या भाषेत आणून जपली होती.

भाषांतरकारांची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. वॉल्टर स्कॉट या इंग्रज पंडिताने (कादंबरीकार स्कॉट वेगळा) १९२४ पासून निघालेल्या आपल्या आवृत्तीत, न पटलेली वाक्यं सरळ इकडची तिकडे केली. १९९२ मध्ये ब्रायन कोपनहेव्हरने इंग्रजी भाषांतर केलं. त्याच्या टिपांनीच मूळ मजकुरापेक्षा जास्त पानं घेतली. मला विचाराल तर दुसरा बरा. त्याने शंका लपवल्या नाहीत.

मूळ ग्रीकमध्ये 'नूस' हा शब्द सारखा येतो. फिचिनोने त्याला लॅटिनमध्ये 'मेन्स' म्हटलं, इंग्रजीत 'माइंड' झालं. मराठीत काय कराल? 'मन' म्हणावं, तर मन रुसतं, आंबा मागतं. 'बुद्धी' म्हणावी, तर ती गणितं सोडवते. 'नूस' म्हणजे सत्य थेट पाहणारी आतली शक्ती. 'चित्त' चालेल? की 'प्रज्ञा'? आज जेवताना आई-बाबांनाही विचारून पाहा.