दोष पावसाचा की आजाराचा?

मृगाच्या सरी आल्या की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "पावसाळी हवा आहे, सांधे धरणारच." म्हातारपणी गुडघे झिजलेले असोत की तिशी-चाळिशीत बोटांचे सांधे सुजलेले असोत, दोन्ही दुखणी या एका वाक्यात गुंडाळली जातात. दुसरं दुखणं मात्र वेगळ्या जातीचं असू शकतं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपल्याकडे बरेचदा आमवात म्हणतात, त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चाल करून जाते. वेळेत आवर घातला नाही तर हाडं कुरतडली जातात, बोटं वाकडी होतात. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन-तीन पट अधिक होतो.

पुणे जिल्ह्यात उजनीकाठच्या भिगवण गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. हा आजार तिथल्या साधारण अर्धा टक्का प्रौढांना होता. दोनशे जणांत एक. हे प्रमाण कमी वाटत असेल, तर आपल्या गावाचा हिशेब करून पाहावा.

मग हवेचं काय? रुग्ण सांगतात ते खरं की मनाचे खेळ? या प्रश्नाने संशोधकांनाही चकवलं आहे. १९९६ मध्येच डोनाल्ड रेडेलमायर आणि एमॉस ट्वर्स्की यांनी अठरा रुग्णांच्या पंधरा महिन्यांच्या दुखण्याची हवामानाशी सांगड घालून पाहिली. संबंध सापडला नाही. माणूस दुखलेला पावसाळी दिवस लक्षात ठेवतो आणि न दुखलेला विसरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे मँचेस्टर विद्यापीठाने मोबाइलवर रोजची नोंद ठेवणाऱ्या अडीच हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. त्यांतल्या अनेकांना वेगवेगळ्या प्रकारची सांधेदुखी होती. २०१९ मध्ये निकाल आला: हवा दमट असली, हवेचा दाब उतरला, वारा जोराचा असला की दुखणं वाढण्याची शक्यता थोडी वाढते. तिन्ही गोष्टी जुळून आलेल्या वाईट दिवशी ती एरवीपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी जास्त. मनःस्थिती आणि हालचाल यांचा हिशेब धरूनही फरक उरला. म्हणजे रुग्ण खोटं बोलत नव्हते, पण हवेचा वाटा समजतो तेवढा मोठाही नाही.

मग हवापालट केला तर? फ्रेंच चित्रकार रेन्वार याला पन्नाशीच्या सुमारास हा आजार जडला. उबेच्या ओढीने तो भूमध्य समुद्राकाठी गेला आणि १९०७ मध्ये त्याने कान्य गावी जागा घेतली. ऊन होतं, ऑलिव्हची झाडं होती. बोटं वाकायची मात्र थांबली नाहीत. पुढे तो चाकांच्या खुर्चीला खिळला, कुंचला कुणाला तरी त्याच्या हातात द्यावा लागे, मोठा कॅनव्हास रुळांवर सरकवून त्याच्यापुढे आणावा लागे. १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो रंगवत राहिला. उबेनं अंगाला बरं वाटतं, आजार थांबत नाही, हे त्याच्या हातांनी दाखवून दिलं. त्याच्या काळी आजार रोखणारं औषधच नव्हतं.

आज आहे. म्हणूनच सगळा दोष पावसावर टाकणं महागात पडतं. भातलावणीत दिवसभर गार चिखलात हात घालणारी बाई, कात्री धरता येत नाही म्हणून शिवणकाम बाजूला ठेवणारी बाई "पाऊस सरला की थांबेल" म्हणत महिने घालवते, आणि सांध्यांची मोडतोड सुरुवातीच्या याच काळात वेगाने होते. कामाच्या दृष्टीने सगळ्यात कठीण वेळ सकाळची. बोटं सुटायला तास-तास लागतो. अशा बाईला कामावर तासभर उशिरा येऊ देणं, एसीचा झोत तिच्या अंगावर येऊ न देणं, भांड्यांना जाड मूठ लावणं यांना खर्च जवळजवळ नाही.

औषध चालू असलेल्यांना मात्र औषधाच्या वेळापत्रकाकडे आणि ऋतूकडेही लक्ष द्यावंच लागतं. मेथोट्रेक्सेट हे या आजारावरचं औषध सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जीवावर बेतू शकतं. उन्हाळ्यात शरीरातलं पाणी घटलं की मेथोट्रेक्सेट आणि वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला भारी पडतात. रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असताना पावसाळी ताप अंगावर काढू नये. वीज गेली तर फ्रिजमध्ये ठेवायची इंजेक्शनं कुठे ठेवायची, याची सोय आधीच करावी.

घरात कुणाच्या बोटांचे किंवा मनगटांचे सांधे सुजलेले असतील, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि हे सहा आठवडे चाललं असेल, तर त्या व्यक्तीला दसऱ्यापर्यंत थांबवू नका. या आठवड्यात संधिवाततज्ज्ञाकडे घेऊन जा.